पहिल्या वर्षाचा हिशेब

मराठी कादंबरीत महाविद्यालय पुष्कळ आले, पण विद्यापीठीय जगात नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुणाचे पहिले वर्ष हा स्वतंत्र अनुभव म्हणून तिने दीर्घकाळ फारसा विचारात घेतला नाही. फडके-खांडेकरांच्या परंपरेत महाविद्यालय हे बहुतांशी प्रणयाचे वा ध्येयवादाचे रंगस्थळ होते. तेथे वावरणाऱ्या तरुणाला खोली, जेवण, फी आणि बोलण्याची ढब यांची चिंता क्वचितच पडे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) हा दुर्लक्षित तपशील कादंबरीच्या केंद्रस्थानी आणला. खानदेशातील सांगवीहून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात राहतो, आणि तेथपासूनच त्याच्या आत्मकथनाला खरी गती येते.

या कादंबरीची चर्चा परात्मता, अस्तित्ववाद, विद्रोह या संज्ञांच्या आधारे विपुल झाली आहे. ती अनाठायी नाही. परंतु तिच्यामुळे एक साधी गोष्ट झाकली जाते. पांडुरंग आरंभापासून अलिप्त नाही. उलट शहरी विद्यार्थिजीवनाशी जुळवून घेण्याचा त्याचा उत्साह प्रमाणाबाहेर आहे. मित्रांसाठी सढळ हाताने खर्च करणे, महाविद्यालयीन उपक्रमांत पुढे होणे, मेसचा कारभार अंगावर घेणे या साऱ्यांतून तो या नव्या जगात आपले स्थान मिळवू पाहतो. त्या स्थानाची किंमत रुपयांत मोजावी लागते, आणि ते रुपये गावाकडून येतात, हे त्याला उशिरा उमगते. त्याची अलिप्तता ही जुळवून घेण्यातील असमर्थता नव्हे. अतिरेकी जुळवून घेण्याचा हिशेब समोर आल्यानंतरची ती प्रतिक्रिया आहे.

या अनुभवात पुणे हे केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. त्याचे कार्य ध्यानी येण्यासाठी त्याच काळात घडत असलेल्या दुसऱ्या एका विद्यापीठनगरीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. लाहोर येथे १८८२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाची परंपरा १९४७ च्या फाळणीने दुभंगली. भारतातील पंजाब विद्यापीठ काही वर्षे तात्पुरत्या जागांतून चालले आणि १९५६ मध्ये चंदीगडला आले. ल कार्बूझिए यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहणाऱ्या या शहरात, सेक्टर १४ मधील विद्यापीठ-परिसराची रचना पिएर जानरे यांनी केली. शहर नवे आणि विद्यापीठ विस्थापित. अशा ठिकाणी खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला जुन्या रहिवाशाचा तोरा भेटण्याचा संभव थोडा. तेथील मूळचे रहिवासी म्हणजे शहरासाठी ज्यांच्या जमिनी संपादन झाल्या त्या खेड्यांतील माणसे. ती तर शहराच्या नकाशातून पुसलीच गेली.

पुण्याची गोष्ट निराळी. तेथे नवागताच्या आधी एक प्रमाणभाषा, एक शिष्टाचार आणि एक वाङ्मयीन अभिरुची ठाण मांडून बसलेली आहे. नवागताला शहराशी जुळवून घ्यायचे म्हणजे या तिन्हींसमोर परीक्षा द्यायची. ‘कोसला’तील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांची पुनरुक्ती हा म्हणूनच निव्वळ शैलीचा चाळा ठरत नाही. वर्गात, वक्तृत्वात आणि पाठ्यपुस्तकांत ज्या शब्दांनी विधानाला भारदस्तपणा येतो, त्याच शब्दांनी पांडुरंग आपले विधान पोकळ करून दाखवतो. शहराची भाषा त्याने आत्मसात केली आहे, पण ती त्याने तिच्यावरच उलटवली आहे.

तथापि या बंडाला एक आधार आहे, आणि समीक्षेने त्याची पुरेशी नोंद घेतलेली नाही. पांडुरंग नापास होऊ शकतो. परतून जाण्यासाठी त्याला सांगवीत घर आहे, शेती आहे, ज्यांच्याशी भांडता येईल असे कर्ते वडील आहेत. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने त्याचे गावाशी असलेले नाते हादरते. जमिनीचा आधार मात्र तुटत नाही. ज्यांना असा आधार नव्हता त्यांच्या आत्मकथनांशी ताडून पाहिले की हा फरक ठळक होतो. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) शाळेत टिकण्यासाठीच वडिलांशी झगडावे लागते, ‘नांगरणी’तील (१९९०) पुढच्या शिक्षणाची वाट त्या झगड्यातूनच निघते. तेथे शिक्षणाविषयी तुच्छता बाळगणे ही चैन परवडणारी नाही. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) दलित मुलीने संस्कृत शिकणे हाच समाजाच्या दृष्टीने चमत्कार ठरतो, आणि त्या कौतुकातील अपमान लेखिका अचूक ओळखते. पांडुरंगला प्रतिष्ठितांची भाषा पोकळ वाटते. पावडे यांना ती आधी हक्काने मिळवावी लागते. जी वस्तू अद्याप हाती आली नाही, तिचा उपहास करता येत नाही.

यामुळे ‘कोसला’चे मोल उणावत नाही, तिच्या अनुभवाची मर्यादा तेवढी निश्चित होते. पांडुरंगचे वैफल्य हे सर्व नवशिक्षितांचे वैफल्य मानण्याचा प्रघात या पुस्तकांना एकत्र वाचल्यावर टिकत नाही. विद्यापीठात प्रवेश करणारे सारे एकाच दारातून आत येतात, हे खरे; पण त्यांच्यापैकी कोणाला परतीचा रस्ता आहे आणि कोणाला नाही, यावर त्यांच्या पहिल्या वर्षाचा अर्थ ठरतो. मराठी समीक्षेने नायकाची मनःस्थिती बारकाईने तपासली. त्याच्या मनिऑर्डरीची, मेसच्या बिलाची आणि त्यांमागच्या शेतजमिनीची तपासणी तितक्याच आस्थेने झाल्यास या कादंबरीचे वाचन अधिक न्याय्य होईल. आणि जे लेखक या रस्त्यावरून मनिऑर्डरीवाचून चालत आले, त्यांच्या लेखनाकडे केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवयही सुटेल.