धर्मानंदांचे ‘निवेदन’ आणि मुलांचा धर्म

ईश्वर आहे की नाही, हा वाद देवळाच्या सभामंडपात बसून करावा काय, असा प्रश्न अलीकडे आमच्या मंडळींत वारंवार निघतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा निघतो आणि बोचतो तो हाच : मुलाने मोठेपणी आपला धर्म आपणच निवडावा, तोवर घराने त्याच्यावर कोणताही धर्म घालू नये, हे म्हणणे मान्य करावयाचे की काय? पहिल्या प्रश्नावर वडीलधारी माणसे हसतात, दुसऱ्यावर चिडतात. त्यांच्या चिडण्यालाही कारण आहे. मुंज केव्हा करावयाची, मुलाला कुलदेवतेच्या पायांवर केव्हा घालावयाचे, सुनेने कोणती व्रते धरावयाची, या साऱ्या घरगुती गोष्टी त्या एका प्रश्नात गुंतल्या आहेत. बडोद्याच्या घडियाळी पोळीत राहणाऱ्या आम्हां दक्षिणी आणि कोंकणी मंडळींना तर तो टाळताच येत नाही. पोळीत अंबामातेचे देऊळ आहे. जवळपास जैनांची देरासरे आहेत. मांडवीकडे गेले की बांग कानी पडते. आमची मुले नवरात्रात गरबा गुजरातीत गातात आणि घरी आरती मराठीत म्हणतात. दुसऱ्याचा धर्म म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळावे लागत नाही.

या विषयावर आज जे लिहिले जाते त्यातील बरेचसे वकिली थाटाचे असते. म्हणून आम्ही एक जुने पुस्तक पुन्हा काढून वाचले. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ साली पुस्तकरूपाने निघाले. गोव्यातील सांखवाळच्या एका सारस्वत घरातील मुलगा बौद्ध कसा झाला, त्याची ही हकीकत आहे, आणि तिचा एक मोठा दुवा आमच्या या बडोद्यातून जातो.

हकीकत थोडक्यात अशी. धर्मानंदांचा जन्म १८७६ चा. शिक्षण जेमतेम, लग्न लहानपणी, प्रपंच नारळीच्या बागेचा. विशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या हाती विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र पडले. लहान मुलांसाठी निघणाऱ्या मासिकातील तो लेख. त्याने एका संसारी गृहस्थाच्या आयुष्याची दिशा फिरवली. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट, काशीस अन्नछत्रात जेवून केलेले संस्कृताचे अध्ययन, नेपाळची निराशा, मग सिंहलद्वीपात विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या पायांशी पालीचे शिक्षण, ब्रह्मदेश, आणि सुमारे सात वर्षांनी पुन्हा गोवे.

पुस्तकाची भाषा साधी आहे. इतकी साधी, की अलंकारप्रिय वाचक प्रथम निराश होतो. भूक लागली तर ‘भूक लागली’ एवढेच लिहितात; हिमालय पाहिला तर पाहिल्याचे सांगून पुढे जातात. परंतु याच साधेपणामुळे पुस्तकातील धर्मांतर खरे वाटते. एखाद्या रात्री प्रकाश दिसला आणि माणूस बदलला, अशी नाटकी घटना त्यात नाही. पायी चालणे, धडा घोकणे, आजारी पडणे आणि पुन्हा चालणे एवढेच आहे. निवड हा शब्द आपण आज फार हलका करून टाकला आहे. मांडवीच्या बाजारात कापड निवडावे तसा धर्म निवडता येतो, असे काहींना वाटते. धर्मानंदांना त्यासाठी एक संपूर्ण भाषा शिकावी लागली. ज्यांना वाटते की मुले सतराव्या वर्षी यादी पाहून धर्मावर खूण करतील, त्यांनी ‘निवेदना’तील काशीची प्रकरणे वाचावीत.

बडोद्याचा दुवा असा : कलकत्ता विद्यापीठाचा मासिक २५० रुपयांचा पगार धर्मानंदांपुढे असताना सयाजीराव महाराजांनी मासिक ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहून द्यावे. धर्मानंदांनी पन्नास पत्करले. येथे दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली पुस्तकरूपात आली. एक हिंदू संस्थानिक, हिंदू धर्म सोडून गेलेल्या ब्राह्मणाला, सोडलेल्या त्या घराजवळच राहून नवा धर्म आपल्या लोकांच्या भाषेत सांगण्यासाठी वेतन देतो, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. महाराजांना हे समजले होते की जाणाऱ्याशी बोलणे तोडले तर नुकसान राहणाऱ्यांचेच होते.

आता ईश्वराविषयी. ‘निवेदना’त ईश्वराचे अस्तित्व खोडून काढणारा एकही मोठा युक्तिवाद आम्हांस आढळला नाही, आणि हे योगायोगाने झालेले नाही. ज्या पाली ग्रंथांत धर्मानंद रमले त्यांतली रीत निराळी आहे. मालुंक्यपुत्त जग शाश्वत की अशाश्वत असे विचारू लागला, तेव्हा बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला : बाण मारणाऱ्याची जात-गोत्र कळेपर्यंत तो उपटू देणार नाही असे म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. ‘तेविज्ज’ सुत्तात तर ब्रह्मदेवाला कोणीही पाहिले नसता त्याच्याकडे जाण्याची वाट दाखवणाऱ्या ब्राह्मणांची थट्टाच आहे. देवळात बसून हे वाचताना आमच्या वाचकांना राग येईल, येऊ द्यावा. परंतु ही थट्टा अडीच हजार वर्षे या देशातच चालत आलेली आहे, ती परदेशी मालाबरोबर आलेली नाही. निरीश्वर सांख्यांना आपण दर्शनांच्या पंक्तीत बसवतो. मग घरातल्या मुलाने तोच प्रश्न विचारला की त्याला पंक्तीतून उठवावयाचे, हे विसंगत होय.

बडोद्यानेच या प्रश्नाचे दुसरे टोकही पाहिले आहे. श्रीअरविंद १८९३ मध्ये येथे संस्थानच्या नोकरीत आले आणि १९०६ पर्यंत राहिले. त्यांचे वडील डॉ. कृष्णधन घोष यांनी १८७९ साली आपल्या तीन मुलांना मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाच्या घरी ठेवले आणि बजावले की त्यांना कोणतेही धर्मशिक्षण देऊ नये. वयात आल्यावर ती आपले आपण ठरवतील. मुलांना धर्म निवडू द्यावा असे आज म्हणणारांना याहून शुद्ध प्रयोग सापडणार नाही. अरविंद तेव्हा सात वर्षांचे होते.

या प्रयोगाचे फळ काय झाले? मुलगा नास्तिकही झाला नाही, ख्रिस्तीही झाला नाही. बराच काळ तो अज्ञेयवादी राहिला. पुढे चांदोदजवळ कर्नाळीच्या कालीमंदिरात मूर्तीकडे पाहताना तेथे साक्षात् सान्निध्य जाणवल्याचे त्याने लिहून ठेवले. आणि १९०८ च्या जानेवारीत विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याबरोबर याच शहरात तीन दिवस बसून त्याचे मन निश्चल झाले. तेव्हा डॉक्टरांचा प्रयोग फसला म्हणावे की साधला? आमचे काही मित्र ही कथा मोठ्या विजयाने सांगतात, की पाहा, रक्तातले संस्कार शेवटी वर आलेच. आम्हांस हे पटत नाही. अरविंदांच्या दोन भावांनी तेच बालपण भोगले. ते योगी झाले नाहीत. एका थोर अपवादावरून आपल्या पोळीतल्या पोरांसाठी नियम बांधता येत नाही.

मात्र वाङ्मयाच्या दृष्टीने या दोन आत्मकथनांतील फरक पाहण्यासारखा आहे. अरविंदांनी स्वतःविषयी जे टिपून ठेवले ते बहुतेक चरित्रकारांच्या चुका दुरुस्त करण्यासाठी, आणि तेही ‘तो’ म्हणून, तृतीयपुरुषात. धर्मानंद ‘मी’ म्हणतात. ज्याला घराने धर्म दिला नाही तो स्वतःकडे दुरून पाहतो. ज्याला घराने धर्म दिला आणि ज्याने तो सोडला, त्याला ‘मी सोडला’ असे पहिल्या पुरुषात म्हणावेच लागते. सोडण्याची जबाबदारी कर्त्यावर पडते. ‘निवेदना’चे बळ आम्ही येथे पाहतो.

आणि त्याचे वैगुण्यही येथूनच दिसते. या पुस्तकात ‘मी’ आहे, पण घर फार थोडे आहे. नवरा बुद्धाच्या शोधात निघून गेला तेव्हा गोव्याच्या त्या काळच्या समाजात तान्ही मुलगी घेऊन राहणाऱ्या बाळाबाईंना काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे वाचकाने कल्पनेने भरून काढावयाचे. धर्मानंद पश्चात्ताप लपवत नाहीत. परंतु पश्चात्ताप करणाराचा आवाज ऐकू येतो, जिने सोसले तिचा येत नाही. धर्म निवडण्याच्या स्वातंत्र्यावर आज जे बोलतात त्यांच्याही बोलण्यात हीच उणीव असते. एकाची निवड होते आणि तिची किंमत स्वयंपाकघरात कोणीतरी देत असते.

मुलाचे काय झाले, हे पुस्तकाबाहेर शोधावे लागते. दामोदर कोसंबी १९०७ मध्ये जन्मले, वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेस गेले, हार्वर्डला शिकले, गणिती झाले आणि मार्क्सवादी झाले. त्यांना ना वडिलांचा संघ हवा होता, ना आजोबांचा देव. तरीही १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून नोंदवली, गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरीचा अभ्यास मांडला. आमच्यापैकी किती महाजनांनी आणि कुळाव्यांनी आपल्या देवीच्या वाटेचा एवढा कसून शोध घेतला आहे? श्रद्धा नसलेल्या मुलाने देवतेकडे श्रद्धावंतांहून अधिक लक्ष दिले, हे कबूल करताना आम्हांस थोडे जड जाते.

कायद्याकडेही एक नजर टाकू. बडोदे सरकारने १९३३ मध्ये अज्ञान मुलांच्या संन्यासदीक्षेवर निर्बंध घातले. रोख मुख्यतः जैनांतील बालदीक्षेवर होता. त्या समाजातच दोन तट पडले आणि विरोध तीव्र झाला. पुढे १९५५ मध्ये मुंबई विधिमंडळातही तसेच विधेयक आले, पण ते तडीस गेले नाही. कायद्याच्या भाषेत मूल म्हणजे ‘अज्ञान’, हा शब्द या संदर्भात गमतीचा वाटतो. आठ वर्षांचे मूल सर्वस्वत्यागाची शपथ घेऊ शकत नाही असे मानले, तर तेच मूल ‘मला कोणताच धर्म नको’ हेही ठरवू शकत नाही, असे मानावे लागेल. आमच्या सुधारक मित्रांना पहिला अर्धा भाग आवडतो, दुसरा आवडत नाही. सनातनी मित्रांचे नेमके उलट. आज राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने सरकारमान्य वा अनुदानित शाळेतील धर्मशिक्षणासाठी अज्ञान मुलाच्या पालकाची संमती आवश्यक ठरवली आहे. आणि सज्ञान नागरिकाला सरकारी कागदावर ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. म्हणजे लहानपणी पालक, मोठेपणी स्वतः. मधली दहाबारा वर्षे कशी काढावयाची, ते कायदा सांगत नाही.

त्या वर्षांविषयी आमचे मत स्पष्ट आहे. मुलाला देवळात न्यावे, आरती शिकवावी, कुलदेवतेची कथा सांगावी, आणि अर्थही सांगावा. १९१५ च्या पुरोहित कायद्याने बडोद्यात भटजींना परीक्षा देऊन, यजमानाला समजेल अशा भाषेत विधी सांगण्यास लावले होते, ते उगाच नव्हे. ज्याचा अर्थ कळलेला नाही ते धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही. मुलाने देव आहे कशावरून असे विचारले तर उत्तर द्यावे. उत्तर नसेल तर नाही म्हणावे. आणि मोठेपणी तो गेलाच, तर त्याचे ताट मांडणे बंद करू नये.

हे शेवटचे वाक्य वाचून गोव्याकडचे वाचक विचारतील, की मग आपले पूर्वज कशासाठी झगडले? त्यांनी इतिहास नीट आठवावा. १५५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने निराधार हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम काढला. मुलाचा धर्म परस्पर ठरवण्याचे याहून क्रूर उदाहरण आपल्या आठवणीत नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे जाळली गेली, तेव्हा याच सांखवाळचा लक्ष्मीनृसिंह नदीपलीकडे वेलिंगला नेला गेला. त्या माणसांनी दुसऱ्याने ठरवलेला धर्म नाकारला, त्यासाठी घरेदारे सोडली. आपण त्यांची पालखी खांद्यावर घेतो ती त्या नकारासाठी. धर्मानंदही सांखवाळचेच. त्यांचा नकार आपल्याला उद्देशून होता म्हणून तो कमी प्रतीचा ठरवावा, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

‘निवेदन’ वाचणाराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९२४ सालच्या पुस्तकात पुढचे धर्मानंद अर्थातच नाहीत : लेनिनग्राडचा मुक्काम नाही, मिठाचा सत्याग्रह नाही, परळचा बहुजन विहार नाही. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माकडे ते उत्तरायुष्यात वळले आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला, तोही जैन मुनीला शोभेल अशा रीतीने. बौद्ध झालेला हा सारस्वत अखेरपर्यंत निवडतच होता. पार्श्वनाथावरील त्यांचे पुस्तक मरणोत्तर, १९४९ साली निघाले. ‘निवेदना’ला ते जोडून वाचावे.