‘घरी न्या’ : मरणाचा हक्क आणि शुश्रूषेचे हात

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. जगावे की मरावे या प्रश्नाचे त्यातले स्वगत मराठी पांढरपेशा प्रेक्षकाने डोक्यावर घेतले. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत ते अजूनही म्हटले जाते. पण त्याच नाटकात, पोटच्या पोरांना नकोसा झालेला हा म्हातारा नट रस्त्यावर येतो तेव्हा त्याला माया देणारा असतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. स्वगत सर्वांना पाठ आहे; हा पोरगा किती जणांना आठवतो? त्या पोराचे स्वगत कोणी लिहिले?

प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणावयाचे आहे. आपल्याकडे मरणाची चर्चा नेहमी मरणाऱ्याच्या आत्म्याविषयी झाली. त्याचे अंथरूण कोण बदलते याविषयी झाली नाही. ज्या समाजात अंथरूण बदलण्याचे काम जातीने वाटून दिलेले आहे, तेथे ही निव्वळ विसराळूपणाची गोष्ट नव्हे.

अरुणा शानभाग यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मरण येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांना मरू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने असाध्य रुग्णाचे जीवनाधार काढून घेण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली.

हे निकालपत्र मी एक साहित्यकृती म्हणून वाचतो. त्याचा आरंभ गालिबच्या एका शेराने होतो. मरणाची आस लागावी आणि मरण येऊ नये, असा त्याचा भाव. शेर थोर आहे. पण ही आस गालिबची आहे, अरुणाची नव्हे. तिला काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. न बोलू शकणाऱ्याच्या तोंडी आपली भाषा घालण्याची ही खोड आपल्या चांगली ओळखीची आहे. दलितांच्या वतीने कळवळून लिहिणाऱ्यांनी आपल्या बाबतीत हेच केले होते.

त्याच निकालपत्रात डॉक्टरांचा तपासणी अहवाल आहे, आणि मला त्यातली एक साधी नोंद शेरापेक्षा मोठी वाटते. शौचाला वा लघवीला जायचे असले की अरुणा एक आवाज करी, आणि परिचारिकांना तो कळत असे. बाहेरच्याला जो निरर्थक आवाज, तो सेवा करणाऱ्याला शब्द होता. न्यायालयाने हे ओळखले. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, पुस्तक लिहिणाऱ्याचा की सदतीस वर्षे अंग पुसणाऱ्यांचा, या प्रश्नावर त्याने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. साहित्याच्या टीकाकारांनी या कौलाची दखल घ्यावयास हवी होती. सेवेच्या श्रमातून बोलण्याचा हक्क निर्माण होतो, हे तत्त्व दलित साहित्याच्या अनुभवनिष्ठेच्या अगदी जवळचे आहे.

पण ‘रुग्णालयाचे कर्मचारी’ या शब्दाच्या आत डोकावून पाहा. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात त्यात मेट्रन असते, सिस्टर असते. तिच्या खाली आया, वॉर्डबॉय आणि सर्वांत खाली झाडूवाला. बेडपॅन कोणाच्या हातात असते, फरशीवरचे रक्त कोण धुतो, प्रेत शवागाराकडे कोण ढकलत नेतो? ही माणसे बहुतेक कोणत्या वस्त्यांतून येतात हे वाचकाला सांगावयास नको. अरुणाची कथा आपण एकमेकांना सांगतो तेव्हा झाडूवाला तीत एकदाच येतो, तोही गुन्हेगार म्हणून. त्याच्या गुन्ह्याला माझ्यापाशी क्षमा नाही. त्याच्यावर बलात्काराचा आरोपसुद्धा ठेवला गेला नाही, हा त्या स्त्रीवर झालेला दुसरा अन्याय होय. पण गुन्हा माणसाचा असतो, झाडूचा नव्हे.

आता कायदा पुढे गेला आहे. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निरोगी असतानाच वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येते आणि बरे होण्याची आशा संपली की निव्वळ श्वास लांबवणाऱ्या उपचारांना नकार देता येतो. दोन साक्षीदार, डॉक्टरांची दोन मंडळे अशी त्याची रीत आहे. दंडाधिकाऱ्याच्या सहीची अट २०२३ साली सैल करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असे ठरले. मी या निकालाच्या विरुद्ध नाही. नळ्यांनी बांधून ठेवलेला देह म्हणजे जीवन नव्हे. आणि नकार हा तर आपल्या साहित्याचा पहिला शब्द! त्याची महती आपल्याला कोणी शिकवू नये.

परंतु नकार देण्यासाठी काहीतरी पुढे केलेले असावे लागते. माझ्या वडिलांना जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सांगण्यात आले, “आता घरी न्या.” एक छापील कागद पुढे आला, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत, एवढाच त्याचा अर्थ. आईने अंगठा उठवला. मंडळ बसले नाही, नोटरी आला नाही. घरी नऊ रात्री ते कण्हत होते. वेदना शमवणारे औषध असते हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि विचारावे हे आम्हांला सुचले नाही. आई त्यांचे कपडे धूत राहिली. तो अंगठा म्हणजे आमचे इच्छापत्र! फक्त त्यात इच्छा नव्हती.

बाबुराव बागूलांनी १९६९ साली आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ हे नाव दिले. ज्याचे मरण मुळात स्वस्त, त्याला मरणाचा हक्क देऊन काय द्यायचे? त्याला आधी शुश्रूषेचा हक्क हवा. मॉर्फिन हे काही श्रीमंती औषध नव्हे. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने ते रुग्णालाही दुर्मिळ करून टाकले आणि ती चूक दुरुस्त करावयास २०१४ साल उजाडले. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली सुरू झालेल्या कामातून शेजारपाजारची साधी माणसे असाध्य रुग्णांच्या घरी जाऊ लागली. म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हे. जेथे वेदनाशमन आणि अंथरुणाशी बसणारे माणूस आधी दिले जाते, तेथेच ‘आता पुरे’ या शब्दाला नैतिक अर्थ येतो. नाहीतर ती निवड नसते, हाकलणे असते.

येथे मला विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून उचलून मंचकावर निजवले. मग बुद्धाने संघाला बजावले, की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. ज्या भूमीत मल उचलणारे हात अपवित्र ठरले, तेथे धम्माचा शास्ता स्वतः ते काम करतो. मरणाविषयीचे आपले नीतिशास्त्र येथून सुरू झाले पाहिजे.

शेवटी आपल्याच लोकांना एक विचारतो. चळवळीतला कार्यकर्ता गेला की आपण शोकसभा घेतो, विशेषांक काढतो. तो आठ महिने अंथरुणाला खिळला होता तेव्हा पाळी लावून आपल्यापैकी किती जण बसले? ते काम त्याच्या बायकोचे, मुलीचे, असे आपणही धरून चाललो. माझे वडील कण्हत होते त्या नऊ रात्रींत मीही दाराबाहेरच बसलो होतो. आत आई होती. आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, अपमान लिहिला. रात्रपाळीच्या आयाने आणि दाराआडच्या त्या बाईने आता लिहावे. आणि तोवर आपण निदान आत जाऊन बसावे.