स्टोअर्ड प्रोसिजरमधून एक्सएमएल अ‍ॅट्रिब्यूटचे परिवर्तन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २००५' मध्ये एक्सएमएल हा स्वतंत्र डेटाप्रकार उपलब्ध झाला. त्यातील 'मॉडिफाय' पद्धत व 'रिप्लेस व्हॅल्यू ऑफ' हे विधान यांमुळे दस्तऐवज बाहेर न काढता स्टोअर्ड प्रोसिजरमधूनच अ‍ॅट्रिब्यूटचे मूल्य बदलता येते. ही सोय निर्विवाद आहे. तथापि काम अपुरे राहिले तरी ती मौन पाळते, हा तिचा गंभीर दोष होय.

विवेचन :
वाकड-चाकण पट्ट्यातील एक कल्पित उदाहरण घेता येईल. वाहनांच्या सुट्या भागांची मागणी एका एक्सएमएल दस्तऐवजात नोंदविली आहे. तीत तीन भाग असून प्रत्येकास 'स्थळ' हे अ‍ॅट्रिब्यूट आहे. तिन्हींचे मूल्य 'चाकण' ऐवजी 'वाकड' करावयाचे आहे.

पहिली अडचण अशी की, हे विधान प्रत्येक दस्तऐवजात एका वेळी एकच नोड बदलते. मार्ग अनेक नोडकडे जाऊ शकत असल्यास सर्व्हर आक्षेप घेतो. त्यावर 'पहिला' असा निर्देश करणारा एकचा आकडा चौकटी कंसात लिहिला जातो. आक्षेप मिटतो; परंतु एक भाग वाकडला जातो आणि दोन चाकणलाच राहतात. २०११ मध्ये शिफारस झालेल्या 'एक्सक्वेरी अपडेट फॅसिलिटी' या मानकात मात्र 'फॉर' आवर्तनाद्वारे अनेक नोड एकाच विधानात बदलता येतात.

दुसरी अडचण, मार्गाने एकही नोड सापडला नाही तरी त्रुटी येत नाही. उलट, ती ओळ अद्ययावत झालेल्या ओळींत मोजली जाते.

तिसरी अडचण मराठीची. मूल्य 'एनव्हारचार' ऐवजी 'व्हारचार' चलात ठेवले, अथवा अवतरणापूर्वी 'एन' हे अक्षर राहिले, तर 'वाकड'चे '????' होते. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशन निवडल्यास 'व्हारचार'मध्येही देवनागरी टिकते. जुन्या डेटाबेसना हा आधार नाही.

निष्कर्ष :
'एक्झिस्ट' पद्धतीने जुने मूल्य शिल्लक आहे तोवर आवर्तन चालविणे, हा सुरक्षित मार्ग ठरतो. मात्र तीच अट 'मॉडिफाय'च्या मार्गातही हवी. अन्यथा पहिलाच नोड पुन:पुन्हा बदलत राहील व आवर्तन थांबणार नाही. जे मूल्य वारंवार बदलते, त्याची खरी जागा दस्तऐवजात नसून तक्त्याच्या स्वतंत्र स्तंभात आहे. विधान त्रुटीविना पार पडणे म्हणजे बदल पूर्ण होणे नव्हे, हे भान प्रोसिजर लिहिणाऱ्याने ठेवणे अगत्याचे आहे.