सुरगाठ

निरगाठ कुणालाही मारता येते. सुरगाठीला मात्र सराईत हात लागतो. तिने घट्ट बसायचं आणि नेमकं टोक ओढलं की अलगद सुटायचं. पाषाणच्या आयसर संस्थेत मणिक्कम जयकण्णन आणि सहकाऱ्यांनी घडवलेली, २०१२ मध्ये ‘बायोमॅक्रोमॉलिक्यूल्स’ नियतकालिकात मांडलेली औषधवाहक पुटिका मला अशीच सुरगाठ वाटते.

आधी तिचं सामान पाहावं. डेक्स्ट्रान ही जिवाणूंनी साखरेपासून विणलेली ग्लुकोजची माळ, पाण्यात सहज विरघळणारी. तिला जोडलेली शेपटी मिळते काजूच्या टरफलातल्या तेलापासून. काजू फोडणाऱ्या कोकणी बायांच्या हातांची सालं काढणारं तेच हे तेल! माळेला पाण्याची ओढ, शेपटीला पाण्याचं वावडं. पाण्यात शेपट्या एकमेकींना बिलगतात आणि नॅनोमीटरांत मोजावी अशी पोकळ पुटिका आपसूक उभी राहते. पाणी मानवणारा रोडामाइन-बी हा रंग पोकळीत उतरतो. पाण्याशी न जमणारं कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी औषध तेलकट भिंतीत मुरतं. ज्याचा जसा स्वभाव, तशी त्याला जागा.

हे कॅम्पटोथेसिन आपल्याला परकं नाही. १९६६ मध्ये ते एका चिनी वृक्षातून वेगळं करणाऱ्या वॉल-वाणी या शास्त्रज्ञ जोडीतले मनसुख वाणी नंदुरबारचे. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही तेच द्रव्य सापडतं. कर्करोगाच्या पेशीला मारण्याची त्याची ताकद एका लॅक्टोन कड्यात आहे. रक्तात ते कडं उघडतं आणि औषध निष्प्रभ होतं. पुटिकेच्या भिंतीत पाण्याला शिरकाव अवघड, त्यामुळे प्रयोगात हे कडं पुटिकेबाहेरच्या औषधाच्या तुलनेत सुमारे दहापट चांगलं टिकलं.

मात्र, नुसतं जपून ठेवलेलं औषध काय कामाचं? खरं सौंदर्य आहे ते माळ आणि शेपटी यांच्या सांध्यात. तो एस्टर बंधाचा आहे आणि एस्टर तोडणारं एस्टरेज हे विकर पेशीत मुळातच असतं. पुटिका आत गेली की पेशीच गाठीचं टोक ओढते, भिंत विस्कटते, औषध मोकळं होतं. उंदराच्या भ्रूणपेशींत ते केंद्रकाभोवती जमलेलं दिसलं. त्याचं काम जिथे, त्याच उंबरठ्याशी.

प्रयोगशाळेतल्या पेशींपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट लांब आहे. तरी या रचनेपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो, कारण ज्या बंधाने ती उभी राहिली, त्याच बंधात तिच्या सुटण्याची जागा आधीपासून राखलेली आहे.