जीन-दमनाची गणितीय प्रतिरूपे
एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूतील लॅक्टोज पचविणारी एंझाइमे घडविणारे जीन एक दमनक रोखून धरतो, हे फ्रान्स्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी १९६१ मध्ये मांडले. ब्रायन गुडविन यांनी १९६५ मध्ये जीन-दमनाचे वर्णन अवकल समीकरणांनी केले. अशा समीकरणांत रेणूंची संहती सलग बदलते, असे गृहीत असते. कोशिकेत मात्र या दमनकाचे सु. १० रेणूच असतात. तेवढ्यांना सरासरी लावणे धाडसाचेच. एरॉन नॉव्हिक व मिल्टन वायनर यांना तर १९५७ मध्येच, प्रेरक द्रव्य थोडे असता, काही कोशिका पूर्ण उद्दीपित व बाकीच्या निष्क्रिय आढळल्या होत्या. सरासरीची समीकरणे या दोन्ही स्थिर अवस्था दाखवू शकतात. एकीतून दुसरीत कोशिका किती वेळा जाते, हे काढण्यास मात्र संभाव्यतेचाच आधार घ्यावा लागतो. दमनक डीएनएपासून पूर्ण सुटण्याची एकच घटना हा बदल घडविते, असे २००८ मध्ये दिसून आले.