चंद्राचा दगड खोटा कसा बनवणार?

‘माणूस चंद्रावर गेलाच नाही, सगळं स्टुडिओत शूट केलं’ हा व्हिडिओ अधूनमधून व्हॉट्सॲपवर येतोच. नेट-सेटची तयारी करणारेही तो फॉरवर्ड करतात. नुसतं हसून सोडून देण्यापेक्षा त्यातला युक्तिवाद तपासून बघा. संशोधनात पुढे हेच करायचं आहे.

या दाव्याला खरी हवा दिली ती बिल केसिंग यांच्या १९७६ च्या पुस्तकाने. हे गृहस्थ रॉकेटची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत तांत्रिक लेखनाचं काम करायचे, पण ती नोकरी त्यांनी १९६३ मध्येच सोडली होती. अपोलो ११ चंद्रावर उतरलं १९६९ ला. म्हणजे ‘आतल्या माणसाची साक्ष’ म्हणावी, तर तसंही नाही.

आता मुद्दे बघू. फोटोत तारे का नाहीत? कारण उन्हात चकाकणाऱ्या जमिनीचा फोटो घ्यायला शटर क्षणभरच उघडतं, तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत. झेंडा कसा हलतो? वरच्या कडेला आडवी दांडी होती, आणि खांब रोवताना बसलेला हेलकावा थांबवायला तिथे हवाच नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. हे सगळे मुद्दे ‘मला असं दिसतं’ एवढ्यावर उभे आहेत. आपल्याच जिल्ह्यात २०२१ मध्ये शिबला गावाजवळ रस्त्याच्या कामात दगडी खांब निघाले. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी छिन्नीने घडवलेत. प्रत्यक्षात ते लाव्हा थंड होताना तडे जाऊन तयार झालेले बेसॉल्टचे स्तंभ. घडवल्यासारखं दिसणं म्हणजे घडवलेलं असणं नव्हे.

मग पुरावा कुठे शोधायचा? दगडातच. अपोलोच्या सहा मोहिमांनी एकूण सुमारे ३८२ किलो नमुने आणले. त्यातले काही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथे देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या स्फटिकांवर काम केलं. अवकाशातून येणारी लोहासारखी जड अणुकेंद्रकं स्फटिकात घुसली की सूक्ष्म माग सोडतात. रसायनाने ते उघडे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. पृष्ठभागाशी दाट, आत जावं तसे विरळ. त्यावरून दगड किती काळ उघड्यावर पडून होता ते कळतं. पृथ्वीवर वातावरण ही केंद्रकं अडवतं, त्यामुळे इथल्या दगडात असा माग मिळत नाही.

कुणी म्हणेल, उल्का वापरल्या असतील. पण उल्केचा बाहेरचा थर वातावरणात जळून जातो. अपोलोच्या दगडांवर मात्र सूक्ष्म कणांच्या आघाताचे खळगे शाबूत आहेत. आणि चंद्रावरून आलेली उल्का पहिल्यांदा ओळखली गेली तीच १९८२ मध्ये.

आपला बेसॉल्ट शेजारी ठेवून बघा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पाण्याने कुजून त्याची काळी माती झाली, तिच्यातच आपला कापूस उभा आहे. अपोलो ११ ने आणलेला बेसॉल्ट साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना, आणि पाण्याने कुजल्याची खूण नाही. सोव्हिएत संघाच्या लुना १६ ने १९७० मध्ये माणसाविना १०१ ग्रॅम माती आणली, तीही याच जातीची. अमेरिकेला उघडं पाडण्यात ज्यांचा फायदा होता, त्यांचाच हा नमुना!

सरकारी संस्थेवर शंका घेण्यात चूक काहीच नाही. शीतयुद्धात अमेरिकेला जिंकायची घाई होती, हेही खरं. पण हेतू दाखवला म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही. शिवाय हा दावा कधी हरायलाच तयार नसतो. नासाचे फोटो दाखवले तर बनावट, आणि चांद्रयान-२ ने टिपलेली अपोलो ११ ची जागा दाखवली तर इस्रोही सामील!

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना एक ओळ आधी लिहा: ‘अमुक निरीक्षण मिळालं, तर माझं गृहीतक चुकलं.’ ती ओळ सुचतच नसेल, तर गाइडकडे जाण्याआधी विषयावर पुन्हा बसा.