नाव सातबाऱ्यावर, वाट कोणाची?

आज काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करू: हूइज. पुढे एखादा आयपी पत्ता. 'कोण आहे?' असा हा प्रश्न, आणि तो विचारण्याची रीत 1982 मध्ये लिहून ठेवली गेली. उत्तरात संस्थेचं नाव येतं, पत्त्यांचा पट्टा येतो. आपण म्हणतो, मालक सापडला. इथेच आपली गफलत होते, बरं का. 'कोण आहे' असं विचारलं, तरी उत्तर मिळतं ते 'नोंद कोणाच्या नावे आहे' याचं.

24 फेब्रुवारी 2008 आठवा. 208.65.152.0/22 हा पट्टा यूट्यूबच्या नावे. पाकिस्तान टेलिकॉमने देशातल्या बंदीसाठी त्यातलाच लहान तुकडा, 208.65.153.0/24, आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने ते न तपासता जगाला कळवलं. राउटर मोठ्या पट्ट्यापेक्षा नेमका तुकडा मानतात. झालं! सुमारे दोन तास जगभरातले कितीतरी प्रेक्षक भलत्याच दारात. नोंदीतलं नाव मात्र जागच्या जागी.

सातबाऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची, हे आपल्याला गावाकडे माहीत असतं. मग इथे का विसरतो?

वहिवाट विचारायची सोय आहे. टीम सिम्रूच्या हूइज सर्व्हरला तोच पत्ता दिला, की तो सध्या कोणतं जाळं जाहीर करतंय त्याचा एएस क्रमांक मिळतो. यूट्यूबचा तेव्हा 36561, पाकिस्तान टेलिकॉमचा 17557. अर्थात नावं जुळली नाहीत म्हणजे चोरीच, असंही नाही. लहान कंपनीचा पट्टा तिचा पुरवठादारही रीतसर जाहीर करतो.